झाकणावरची किल्ली

"विचारल्याशिवाय कप पुढे करू नकोस," मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "माणूस वर्षभर तेच पीत असला तरी विचारायचं. काय देऊ, एवढंच. दोन शब्दांनी काही जीभ झिजत नाही."

मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

या मावशी माझ्या कुणी लागत नाहीत. स्टेशनातल्या आमच्या कॉफीच्या दुकानात त्या माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. गल्ला त्यांच्याकडे, फडकं त्यांच्याकडे आणि शेवटचा शब्दही त्यांच्याकडे. मी नवी, पदवीधर, आणि घरी माझी दात येणारी लेक. मला वाटलं, जुन्या माणसांना साध्या गोष्टींचा बाऊ करायची खोडच असते. सगळं विचारावंच लागलं तर ओळख ती कसली?

शिवाय मला न विचारता ओळखायची सवय लागली होती, त्याला कारण होतं. घरी जी व्यक्ती आम्हा सगळ्यांवर राज्य करत होती तिला बोलताच येत नव्हतं. चिमणी रडली की आपण ओळखायचं. भूक आहे, झोप आहे, पोट दुखतंय, की नुसतंच कडेवर घेऊन खिडकीपाशी उभं राहायचं आहे. मी यात इतकी तयार झाले होते की बंद दाराबाहेरून तिच्या श्वासावरून सांगायचे, आता उठणार. आणि ती उठायची. नवरा म्हणायचा, "तू हवामान खात्यात हवी होतीस." मी काळजी फार करते असंही तो म्हणतो, पण मी करते म्हणून त्याला करावी लागत नाही, हे तो म्हणत नाही.

तर घरची विद्या मी दुकानात आणली.

दुकान म्हणजे फलाटाला चिकटलेलं एक बोळकांडं, बाजाराकडच्या दाराच्या अगदी तोंडाशी. एक मशीन, एक काचेचं कपाट, खिडकीला लागून चार उंच स्टुलं. गाडी आली की माणसांचा लोंढा आमच्यासमोरूनच बाहेर पडतो आणि प्रत्येकाला घाई असते. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की गाडीची घोषणा झाली की रोजच्या गिऱ्हाइकांचे कप लावून ठेवायचे. गाडीची दारं उघडेपर्यंत झाकणं लागलेली पाहिजेत. झाकणावर नाव लिहा, असं कंपनीचं म्हणणं. माझ्या डोक्यात नावं राहत नाहीत, चेहरे राहतात. म्हणून मी चित्रं काढायचे. दारावरच्या तिकीट तपासनीस साहेबांना चष्मा. घोषणा करणाऱ्या ताईंना भोंगा. आणि कुलूप-किल्लीवाल्या काकांना किल्ली.

लोक कप घेताना झाकण बघायचे, हसायचे आणि पुढे सटकायचे. कंपनीने मला बिल्ला दिला. पिवळ्या रंगाचा हसरा कप. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "याने दात कशाला काढलेत?"

किल्लीवाले काका सकाळच्या गाडीने यायचे. दिसायच्या आधी ऐकू यायचे, कारण कमरेला हा एवढा जुडगा आणि खांद्यावरच्या कातडी पिशवीत कानशी, हातोडी, काय काय. दुकान असं त्यांना नव्हतं. बाजारात फिरायचं, कुणाची किल्ली हरवली, कुणाचं दार आपोआप लागून गेलं, तिथे जायचं. घरी एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा समुद्रापलीकडे. एकदा म्हणाले होते, "मी जगाची दारं उघडतो, पण माझं दार उघडायला मलाच जावं लागतं." म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. मी त्या रात्री नवऱ्याला विचारलं, एकट्या माणसाला काही झालं तर कळतं कसं? तो म्हणाला, "झोप."

पहिल्या दिवशी काका आमच्या दरफलकासमोर उभे राहून तो कोर्टाची नोटीस वाचावी तसा वाचत होते. मागे रांग वाढत चालली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. बारीक चण, बसलेले गाल, थंडीने आखडलेले हात. मनात म्हटलं, या माणसाला काहीतरी गोड आणि गरम हवं आहे. मोठा कप घेतला, दुधाचा जाड फेस केला, साखरेचा पाक दोनदा ओतला, वर साय, सायीवर कोकोची पूड. त्यांनी घोट घेतला. मिशी पांढरी झाली. म्हणाले, "वा."

त्या एका 'वा'वर मी वर्ष काढलं.

चिमणीला दात येताहेत म्हटल्यावर त्यांनी तिच्यासाठी किल्ल्यांचा जुडगा करून आणला. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी त्या उकळल्या, पुन्हा उकळल्या, आणि तरीही तोंडात घालू दिल्या नाहीत, नुसत्या वाजवायला दिल्या. तिला तेवढंच पुरलं. सकाळी मी निघाले की ती सासूबाईंच्या मांडीवर बसून जुडगा वाजवायची आणि स्टेशनात शिरताना तोच आवाज मला काकांच्या कमरेवरून ऐकू यायचा. मला ते फार बरं वाटायचं, जसं काही दोन्ही टोकांना एकेक घंटा बांधली आहे.

मग एके दिवशी काका आले नाहीत.

किल्लीचं झाकण लावलेला कप तसाच उभा राहिला. गाडी चुकली असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कप पुन्हा उभा. आता सर्दी-पडसं असेल. तिसऱ्या दिवशी मी दारावरच्या तपासनीस साहेबांना विचारलं.

"किल्लीवाले? माझ्या दारातून गेले नाहीत, हे शपथेवर सांगतो."

"गाडीतून उतरले असतील का?"

"उतरले असते तर माझ्याच दारातून गेले असते ना. बाजाराला दुसरी वाट कुठे आहे? म्हणजे आहे, पण पूल चढून, मालधक्क्याला वळसा घालून. तिकडून कोण मरायला जातंय?"

मरायला हा शब्द त्यांनी सहज वापरला. माझा मात्र तो दिवस त्या शब्दानेच खाल्ला. माझ्या डोळ्यांसमोर सगळं येऊ लागलं. न्हाणीघरातली ओली फरशी. आतून लागलेली कडी. आणि शहरात ती कडी बाहेरून उघडू शकणारा एकच माणूस, तोच आत पडलेला.

"गावाला गेले असतील," मावशी म्हणाल्या.

"कुणाकडे?"

मावशींनी फडकं उचललं आणि काउंटर पुसायला घेतला. पण त्यानंतर गाडी आली की सुट्टे मोजता मोजता त्याही मान वर करायला लागल्या.

"पोलिसांत सांगू या का?" घरी नवऱ्याने विचारलं. या वेळी तो झोप म्हणाला नाही. पण सांगणार काय? पत्ता माहीत नाही. आडनाव माहीत नाही. नावसुद्धा माहीत नाही. वर्षभर ज्या माणसाला रोज बघितलं त्याच्याबद्दल मी एकच गोष्ट छातीठोकपणे सांगू शकत होते, त्याला कॉफी कशी लागते ती. पलीकडे चिमणी जुडगा वाजवत बसली होती आणि तो आवाज मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणावाल्या ताई त्यांचा कप घ्यायला आल्या. वरच्या खोलीत बसून स्टेशनभर ज्यांचा आवाज घुमतो त्याच या. प्रत्यक्षात इतक्या हळू बोलतात की कान पुढे करावा लागतो. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ताई, एकदा पुकारा ना त्यांना."

"खासगी घोषणा करता येत नाही गं."

"हरवलेल्या माणसाची?"

"ती करता येते."

"मग ते हरवलेच आहेत."

ताईंनी भोंग्याच्या झाकणाकडे बघत थोडा विचार केला आणि कप घेऊन वर गेल्या.

सकाळची गाडी आली. दारं उघडली, लोंढा सुटला, मी एका हाताने कप देत होते आणि डोळ्यांनी डबे तपासत होते. जुडग्याचा आवाज नाही. इतक्यात घोषणेच्या आधीची ती घंटी वाजली आणि ताईंचा गाडी उशिरा धावत असल्याचं सांगायचा जो आवाज असतो, अगदी त्याच आवाजात सगळ्या स्टेशनभर ऐकू आलं:

"कृपया लक्ष द्या. सकाळच्या गाडीने येणारे, कुलूप-किल्लीचं काम करणारे काका काही दिवसांपासून दिसलेले नाहीत. ते स्वतः किंवा त्यांना ओळखणारं कुणी फलाटावर असल्यास बाजाराकडच्या दाराजवळील कॉफीच्या दुकानाशी संपर्क साधावा. तिथे त्यांची काळजी करत आहेत. असुविधेबद्दल क्षमस्व."

फलाट थबकला. माणसं एकमेकांच्या कमरा बघू लागली.

आणि मग वरून, पुलाच्या जिन्यावरून, आवाज आला. छुन्न.

सगळ्यांच्या माना वर. जिन्याच्या मध्यावर काका उभे होते. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने पिशवी आणि जुडगा पोटाशी घट्ट आवळलेला, वाजू नये म्हणून. घोषणेने दचकले आणि हात सुटला, एवढंच.

"अहो काका, तुम्हालाच बोलावतायत," खालून कुणीतरी म्हणालं.

"ऐकलं," काका म्हणाले. "बहिरा नाही मी."

ते उतरायला लागले. गुडघा धरून, एकेक पायरी. दोघं-तिघं आपणहून वर धावले आणि नवरदेवाला आणावं तसं त्यांना हाताला धरून आमच्यापर्यंत घेऊन आले. मावशी काउंटरची फळी उचलून बाहेर आल्या. दुकान उघडं असताना त्या बाहेर आलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

माझा पहिला शब्द रागाचाच निघाला. "काका, कुठे होतात?"

"पुलावर."

"रोज?"

"रोज."

"आणि हा गुडघा?"

"तो कुरकुरतो. त्याचं कोण ऐकतंय."

"आणि पुलावरून कुठे जात होतात?"

"मालधक्क्याकडून वळसा. बाजारात." त्यांनी मावशींकडे पाहिलं, सुटका करा अशा नजरेने.

"सांगा आता," मावशी म्हणाल्या. "सगळ्या स्टेशनाला आमंत्रण गेलंय."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "डॉक्टरांनी साखर बंद केली. अजिबात नाही म्हणाले. थेंब नाही."

"मग मला सांगायचं ना."

"सांगणारच होतो. पण बाळा, तू कप हातात ठेवतेस तेव्हा माझा एक पाय अजून गाडीत असतो. तरी एकदा बोट वर केलं होतं. त्या दिवशी तू रडत होतीस."

तो दिवस मला आठवला. चिमणीच्या तापाने रात्रभर जागरण झालेलं, आणि एका कोटवाल्या गृहस्थाने कप परत केला, हे मी मागितलंच नव्हतं म्हणून. मी फडक्यात तोंड खुपसून रडले होते. पुढचा नंबर काकांचा होता. त्यांचं बोट मी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले होते, आज फार मस्त झालीये, तेवढंच मी ऐकलं होतं.

"म्हटलं, आज नको," काका सांगत होते. "दुसऱ्या दिवशी तू पोरीच्या जुडग्याचं कौतुक सांगत बसलीस. त्यात कुठे साखरेचं काढू? मग कप घ्यायचो आणि बाहेर जाऊन त्या दाराजवळच्या कुंडीत ओतायचो."

"म्हणून त्या कुंडीला मुंग्या," तपासनीस साहेब मागून म्हणाले. "मी माळ्याला दोनदा झापलं."

"शेवटी झाडाचीही दया आली. म्हटलं, आपणच पुलावरून जावं. परवा वर जरा घेरी आली, तेव्हा वाटलं, परत खालून जावं का. पण मग पुन्हा तो कप."

घेरी. मी काळजी करत होते ती न्हाणीघराची आणि माणूस पडणार होता तो माझ्या लाडापायी, जिन्यावर. मग उगाच आधार शोधावा तसं विचारलं, "पण आधी, साखर चालत होती तेव्हा, आवडायची ना?"

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "फेस चांगला असतो."

"काका."

"मला काळी लागते. बिनसाखरेची. मिसरूड फुटल्यापासून तीच पितो."

"मग वा का म्हणालात?"

"पहिल्यांदा भेटलेल्या मुलीला दुसरं काय म्हणणार? आमच्या घरीही बायकोने सुरुवातीला काही वर्षं न विचारताच वाढलं. तेव्हाही मी बोललो नाही. मला सराव होता."

मावशी इतक्या हसायला लागल्या की त्यांनी गल्ल्याची कड धरली. आणि तपासनीस साहेबांनी घसा खाकरला.

"आता विषय निघालाच आहे तर," ते म्हणाले, "मला दालचिनी सोसत नाही."

"रोज तर घेता."

"घेतो आणि दाराआड जाऊन शिंकतो. वर्दीत शिंकणं बरं दिसत नाही."

तेवढ्यात वरून ताई आल्या, काका सापडले का बघायला. ऐकलं आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला खरं म्हणजे बर्फ नको असतो गं. घसा धरतो. पण तू झाकणावर भोंगा इतका गोड काढतेस."

मग रांगेतूनच सुरू झालं. एकाला साय नको होती. एकीला कप लहान हवा होता, मोठा संपत नाही म्हणून ती ऑफिसातल्या शिपायाला अर्धा देत होती आणि त्यालाही तो नको होता. मी मान खाली घालून ऐकत होते आणि ऐकता ऐकता मलाच हसू फुटायला लागलं. शेवटी एक कॉलेजातली मुलगी भीत भीत म्हणाली, "मला माझी आवडते. अगदी अशीच लागते."

"घ्या," मावशी म्हणाल्या. "आंधळ्याच्या गाई देव राखतो."

मी हात धुतले. कोरा कप घेतला. काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "काका, काय देऊ?"

काकांनी दरफलक वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांना कशाचीच घाई नव्हती आणि नवल म्हणजे मागे उभ्या असलेल्या कुणालाही नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाले, "काळी. साखर नको." मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "नको."

मी दिली. ते स्टुलावर बसले, घोट घेतला आणि डोळे मिटले. वा म्हणाले नाहीत. दुसरा घोट घेतला. मावशींनी माझ्या छातीवरचा हसरा कप काढला आणि बाहेर जाऊन मुंग्यांच्या कुंडीत खोचून आल्या.

त्याच दिवशी मी काकांना नाव विचारलं आणि पत्ताही. नाव इथे सांगत नाही. त्यांनी ते इतक्या जपून सांगितलं की ते आमच्यातच राहिलेलं बरं. दुसऱ्या दिवशी काळी कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून एक नवी कोरी किल्ली काढली, कानशीने घासलेली, अजून चकाकणारी, आणि मावशींपुढे ठेवली.

"ही कशाची?" मावशींनी विचारलं.

"माझ्या दाराची. आयुष्यभर लोकांना दुसरी किल्ली करून दिली, स्वतःची कधी केली नव्हती. द्यायची कुणाला?" ते म्हणाले. "एखाद्या दिवशी मी दिसलो नाही तर पुलावर बघा. पुलावर नसलो तर ही घेऊन या."

गल्ल्यामागे खिळा ठोकून मावशींनी ती टांगली. झाकणावर किल्ली मी अजूनही काढते, पण कप भरते तो विचारल्यावर.

घरीही मी विचारायला लागले. चिमणीसमोर चमचा धरायचा आणि म्हणायचं, हवं का? सासूबाई म्हणाल्या, "तिला काय कळतंय?" पण एके संध्याकाळी तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जुडगा एकदा वाजवला आणि स्वच्छ म्हणाली, "नको." तिचा पहिला शब्द. मी इतकी नाचले की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. सासूबाई म्हणाल्या, "लोकांची मुलं पहिल्यांदा आई म्हणतात." मी म्हटलं, म्हणू द्या.

आता माझं दुसरं बाळंतपण आलं आहे आणि मी काही महिने घरी आहे. मावशीही थोडे दिवस त्यांच्या लेकीकडे जाणार आहेत. दुकानात नवी मुलगी आहे. चांगली आहे, चटपटीत आहे, गाडीची घोषणा झाली की तिचे कप तयार असतात. मी तिला सांगितलं, विचारल्याशिवाय पुढे करू नकोस. तिने मान डोलावली. कशी डोलावली ते मी पाहिलंय.

म्हणून तुम्हाला सांगते. सकाळच्या गाडीने कुठल्याही स्टेशनात उतरलात आणि फलाटाला चिकटलेलं असं एखादं बोळकांडं दिसलं, तर खिडकीजवळच्या स्टुलांवर नजर टाका. कातडी पिशवीवाले एक गृहस्थ असतील. नसतील तर जरा मान वर करून पुलाच्या जिन्यावर बघा. आणि स्टुलावर दिसलेच तर त्यांच्या पुढ्यातला कप कसला आहे ते लांबून ओळखू नका. जवळ जा, आणि त्यांनाच विचारा.